परड्यातली मेंदी

आमच्या माण तालुक्यात पाऊस बेताचाच. त्यामुळं कुंपणाला झाड लावायचं तर पाण्यावाचून तग धरील असंच लावावं लागतं. शेताच्या बांधाला घायपात, ओढ्याकडेला शेर नाहीतर निवडुंग, आणि ज्याला तेही जमलं नाही तो बाभळीच्या फेसाट्या रचून काम भागवतो. फेसाट्यांना दोन पावसाळ्यांत वाळवी लागते आणि पुन्हा कुऱ्हाड घेऊन हिंडावं लागतं. शेराचं काही करावं लागत नाही, पण त्याचा चीक डोळ्यात गेला की माणूस रात्रभर तळमळतो. पोरंबाळं असलेल्या घराजवळ शहाणा माणूस शेर लावत नाही. घराच्या परड्याला पुरते आणि शोभते ती मेंदी.

मेंदी म्हटलं की आता लोकांना बाजारातला कोन आठवतो. कुंपणाची मेंदी ती हीच, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. माझ्या नातीला खरं वाटेना. तिला परड्यातली मूठभर पानं पाट्यावर वाटून दिली आणि तासभर मूठ मिटून बसायला लावलं. तळहात नारिंगी झाला तेव्हा तिचा विश्वास बसला.

तालुक्याच्या कचेरीपुढं आणि शाळांच्या आवारात दिसते ती मेंदी नव्हे, ती कोयनेल. पुष्कळ लोक तिलाही मेंदीच म्हणतात. कोयनेल बारा महिने हिरवी, पान चकचकीत आणि इतकं कडू की शेळी वास घेऊन पुढं जाते. फूल पांढरं आणि त्यातून लांब तांबूस केसर बाहेर आलेले. कोयनेल कापावी तशी राहते. आठवीत असताना आमची सहल मुंबईला गेली होती. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेली जनावरं बघितली. पोरं हत्तीपुढं उभी राहून हसत होती, आणि मी विचार करत होतो की हत्तीच्या पाठीवरचं पान दर महिन्याला कापायचं तर माळी शिडी लावतो कुठं. कोयनेल सुंदर खरी, पण आमच्याकडं तिला पाणी घालावं लागतं. मेंदीला लागत नाही. उन्हाळ्यात मेंदी पानं टाकते आणि काटक्या होऊन उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं मेली. ती मरत नाही.

मागल्या साली एका लग्नाला गेलो तर कार्यालयाच्या भिंतीला हिरवं कुंपण चिकटवलेलं. हात लावला तर प्लास्टिक. आमचा एक पाहुणा नर्सरीवाला आहे, तो म्हणाला, हे विलायती बॉक्सवुडचं सोंग आहे. त्यानं खऱ्या बॉक्सवुडचे फोटो मोबाईलवर दाखवले. तिकडं थंड मुलखात ते झुडूप आपल्या मेंदीचंच काम करतं. बारीक पान, सावकाश वाढ आणि कितीही कात्री चालवा, सोसतं. आमच्या उन्हात ते टिकेलसं वाटत नाही. पण फोटोतला म्हातारा दोरी लावून कापत होता, आणि कापताना त्यानं मान जशी वाकडी केली होती ती मला ओळखीची वाटली.

आमच्या परड्यातली मेंदी आईनं लावली. साल दुष्काळावरून लक्षात आहे, बहात्तरच्या आधी चार-पाच वर्षं. मी नुकता शाळेत जायला लागलो होतो. आबा मुंबईला गिरणीत आणि घर आईच्या हातात. परड्यात एका अंगाला जनावरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला आईचे वाफे. मिरची, वांगी, घेवडा, एखादा दोडक्याचा वेल. वासरू सुटलं की वाफ्यात. कोंबड्या तर दिवसभर उकरायच्या. म्हणून आईनं परड्याच्या मधोमध, रस्त्यापासून मागच्या बोरीपर्यंत, साठेक फूट मेंदी लावायचं ठरवलं. वासरं आणि कोंबड्या अडवायला लावली, हद्द म्हणून नव्हे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं तीच हद्द झाली.

छाट तिनं माहेराहून आणले, ओल्या पोत्यात गुंडाळून. पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब, दीडशेच्या वर नग. खालच्या टोकाला तिरका काप आणि वरच्या टोकाला सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन खुंट्या ठोकून तिनं सुतळी ताणली. सुतळीच्या दोन्ही बाजूंना वीत वीत सोडून दोन ओळी धरल्या. एका ओळीतल्या दोन रोपांमधली फट जिथं येते, तिच्यासमोर दुसऱ्या ओळीतलं रोप. दोन हिस्से जमिनीत, एक हिस्सा वर. मी पाणी द्यायला होतो आणि धाकटा भाऊ खुंटी धरून बसला होता. त्याला वाटत होतं आपण सोडली तर ती पळून जाईल.

बियांपासूनही मेंदी येते. मिऱ्याएवढी गोल बोंडं लागतात आणि त्यात बारीक तपकिरी बी असतं. पण त्याची साल कठीण. आठवडाभर भिजत घालून रोज पाणी बदलावं लागतं, तेव्हा कुठं उगवतं. शिवाय बियांची रोपं सारखी येत नाहीत, एक उंच तर एक बुटकं. कुंपणाला छाटच बरे.

खरी गोष्ट पुढं आहे. पावसाळ्यात छाट फुटले, दसऱ्याला गुडघ्याएवढे झाले, आणि आईनं विळा घेऊन सगळी मेंदी वीतभर ठेवून कापून टाकली. शेजारची काकू गोवऱ्या थापता थापता ओरडली, "आगं, जगल्याली कशाला कापतीस? याड लागलं का?"

आई म्हणाली, "आत्ता न्हाय कापली तर खालनं कोंबडी जाईल."

एवढंच शास्त्र आहे त्यात. मेंदीला वर जायची घाई असते. वरचा शेंडा गेला की ती बुडातून फुटते. पहिल्या दोन वर्षांत ज्याचा हात कापायला धजत नाही, त्याचं कुंपण कायमचं खाली मोकळं आणि वर गच्च होतं. छत्रीसारखं. मग कितीही खत घाला, बूड भरत नाही. आमच्या गल्लीत अशी तीन कुंपणं आहेत, कुत्रं आरामात आरपार जातं.

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. गावातली निम्मी कुंपणं त्या साली चुलीत गेली, जळण कुठं होतं? आमची मेंदी पार वाळून खराटा झाली होती. शेजारणी म्हणायच्या, "मेलीच हाय, जाळ की." आईनं नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवी रेघ होती. तिनं हात लावू दिला नाही. पुढच्या साली मृगाचा पाऊस पडला आणि आठ-दहा दिवसांत बुडापासून शेंड्यापर्यंत लाल कोंब आले. मेंदीचा कोवळा कोंब तांबूस असतो, मग हिरवा होतो. त्या वर्षी परड्यात हिरवं असं पहिल्यांदा तेच दिसलं.

आता निगेचं सांगतो, कारण लोक विचारतात.

कापायची तीन वेळा. मृग लागून पाऊस स्थिरावला की पहिली, श्रावण संपताना दुसरी आणि दसरा-दिवाळीच्या मधी तिसरी. माघानंतर कात्री टांगून ठेवायची. उन्हाळ्याच्या तोंडावर कापली तर ती कोंब काढते, कोंबाला पाणी मिळत नाही, आणि सांभाळून ठेवलेला जीव असा फुकट जातो. पूर्वी विळ्यानं कापायचे. विळा ओढतो, फांदी चिरते. आबा गिरणीतून सुट्टीला आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी चालवायची लांब पात्याची कात्री आणली. तीच अजून आहे, मुठी दोनदा बदलल्या. कापायच्या आधी कानस मारायची आणि पात्यांमधल्या खिळ्याला तेलाचा थेंब सोडायचा. बोथट कात्रीनं पान फाटतं आणि कडा करपतात. चार दिवसांनी सगळं कुंपण तपकिरी दिसतं.

आकार असा की बुडाला रुंद आणि माथ्याला अरुंद. भाकरीच्या पिठाची परात उपडी घातल्यावर तिच्या कडा उतरतात तसा उतार हवा. सरळ भिंतीसारखी कापली तरी हळूहळू माथा रुंदावतो, बुडावर सावली पडते, आणि सावलीतली फांदी पान टाकते. एकदा टाकलेलं बूड परत आणायचं तर मृगाच्या पावसात सगळी मेंदी हातभर ठेवून कापायची. काळीज घट्ट करावं लागतं, पण दोन पावसाळ्यांत भरते. मधे एखादं रोप मेलं तर त्या फटीत नवा छाट जगत नाही, शेजारच्या मुळ्या त्याला उभा राहू देत नाहीत. त्यापेक्षा शेजारचीच लवचीक फांदी वाकवून मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. मुळं सुटली की तीच रोप.

रोगराई फारशी नाही. एरंडावर पडते ती उंटअळी कधी कधी मेंदीवर येते आणि चार रात्रींत पान खाऊन टाकते. आई राख टाकायची. मी सकाळी अळ्या वेचून कोंबड्यांना घालतो, त्यांची आणि माझी दोघांची सोय. काट्यांचं मात्र सांभाळावं. कोवळ्या मेंदीला काटा नसतो, पण जुनी झाली की आखूड फांद्यांची टोकं कडक होऊन टोचतात. कुंपण म्हणून तेच कामाचं.

फुलाचा एक तोटा आहे. तीनदा कापलेल्या मेंदीला फूल येत नाही. म्हणून आई बोरीजवळची दोन झाडं कापायची नाही. तिथं पिवळसर पांढऱ्या फुलांचे तुरे यायचे आणि संध्याकाळी असा वास सुटायचा की रस्त्यानं जाणारा थांबून विचारायचा. नागपंचमीच्या आधी गल्लीतल्या बायापोरी पानं न्यायला यायच्या. आई त्यांना सांगायची, वरची कोवळी घ्या, फांदी मोडू नका. पाट्यावर वाटताना काथ आणि लिंबू घालायचं, रंग चढतो. आता कुणी येत नाही. दुकानात दहा-वीस रुपयांत कोन मिळतो आणि अर्ध्या तासात काळाभोर रंग चढतो. त्यात काय घालतात देव जाणे. मेंदीचा आपला रंग काळा नसतोच.

1994 साली आमची वाटणी झाली. जुनं घर आणि वाफ्यांकडची बाजू माझ्याकडं आली, गोठ्याकडची बाजू धाकट्याला. त्यानं गोठा पाडून तिथं घर बांधलं. पंचांनी कागदावर लिहिलं, "मेंदीच्या कुंपणाच्या पूर्वेस थोरला, पश्चिमेस धाकटा, कुंपण सामाईक." सगळ्यांना ते सोपं वाटलं. आई तेव्हा होती, ती माझ्याकडं राहायची आणि दुपारी मेंदीच्या बोरीकडल्या फटीतून त्याच्याकडं चहाला जायची. ती गेल्यावर ती फट कोणी राखली नाही, भरून गेली.

पुढं विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून आम्हा भावांचं बोलणं बंद झालं. त्यात कुणाचं किती, हे इथं उगाळत बसत नाही. अकरा वर्षं बोललो नाही. पण मेंदीला ते कुठं माहीत? ती दोन्हीकडं वाढत होती. मी माझी बाजू कापायचो, तो त्याची. माथ्याचं काय करायचं हा प्रश्न होता. मी मधोमध येऊन थांबायचो. तोही यायचा, पण त्याच्या कापण्याची पातळी माझ्यापेक्षा मूठभर खाली. त्यामुळं आमच्या कुंपणाला साठ फूट लांब पायरी झाली. जाणारेयेणारे हसायचे. कुणी म्हणालं, "दोन भावांची मेंदी वळकायला पत्ता लागत न्हाय."

पुढं त्यानं म्हशी वाढवल्या, त्याला वेळ होईना, आणि त्याच्या बाजूचं कापणं वर्षातून एकदावर आलं. इथं मेंदीचा एक स्वभाव सांगायला हवा. एका बाजूनं वेळेवर कापली आणि दुसऱ्या बाजूनं सोडली की ती सुटलेल्या बाजूला फुगते. तिकडं पान जास्त, म्हणून अन्न जास्त, म्हणून वाढ जास्त. दहा वर्षांत कुंपण जागचं हलल्यासारखं दिसतं. खोड हलत नाही, हिरवं सरकतं. त्याच्या अंगणातून बघणाऱ्याला वाटे की मेंदी त्याच्या जागेत आली. पारावर तो म्हणाला, "दादाची मेंदी माझ्या अंगणात दोन हात शिरलीया." ते मला त्याच दिवशी कळलं, गावात अशा गोष्टीला पाय असतात.

अशात 2022 साली गावात ड्रोनची मोजणी आली. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. नमुना आठचा उतारा असतो, पण तो घरपट्टीपुरता. 2020 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं स्वामित्व योजना काढली. ड्रोननं वरून फोटो घ्यायचे, नकाशा करायचा आणि प्रत्येक घराला मिळकतीचा कागद द्यायचा. त्यासाठी आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची. ग्रामपंचायतीनं दवंडी दिली. चुना वरून दिसतो, भिंत दिसते. पण मेंदी वरून कशी दिसणार? पाच फूट रुंदीचा हिरवा पट्टा. त्यात हद्द कुठली? मधली धरली तर फुगवट्यामुळं मध्य त्याच्या बाजूला गेलेला, म्हणजे त्याची जागा जाणार. माझी कड धरली तर माझी जाणार. आणि हा कागद कायमचा.

माझा मुलगा म्हणाला, "बुडापासनं कापून टाकू, खोडं दिसतील." पलीकडं पुतण्याही कुऱ्हाड घेऊन आला होता. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या विरोधात उभी होती, आणि दोघांचा उपाय एकच. फाल्गुन सरत आला होता. पुढं दोन महिने ऊन. त्या वेळी बुडापासून कापलेली पंचावन्न वर्षांची मेंदी परत आली नसती. मी तसं म्हणणार इतक्यात पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "कापू नगासा. खाली शिरून बघू."

अकरा वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य ते. ते कुणाला उद्देशून होतं, तेही कळत नव्हतं.

मेंदी बाहेरून गच्च असली तरी आत पोकळ असते. उजेड आत जात नाही, म्हणून आत पान नाही, नुसती खोडं. जमिनीलगत आडवं झालं आणि खालच्या फांद्या हातानं उचलल्या की आरपार दिसतं. मी माझ्या बाजूनं पोटावर पडलो. तिकडून तोही पडला. साठीतली दोन माणसं, डोक्यावरची टोपी काट्यानं काढून घेतलेली. मनगटाएवढी झालेली खोडं, आणि त्यांच्यामधून मला त्याचं तोंड दिसत होतं. अर्धी दाढी पिकली होती. घर शेजारी, पण इतक्या जवळून मी ते बघितलं नव्हतं.

"वळी दोन हायत," तो म्हणाला.

"आयनं दोनच लावल्यात्या. मधनं सुतळी हुती."

"ती खुंटी मी धरलीती."

"व्हय."

मग त्यानं सुतळी मागितली. बोरीपासून रस्त्यापर्यंत दोन ओळींच्या मधून ती ओढत न्यायला आम्हाला दीड तास लागला. तो तिकडून सरकवायचा, मी इकडून धरायचो. हातभर गेलं की पुन्हा फांदी उचलायची. खोडं मोजत गेलो, एकशे अकरा शिल्लक होती. मधे एका ठिकाणी सात अंडी सापडली. कोंबडी कुणाची यावर दोन्ही घरच्या बायका बोलल्या, पण ते काही ठरलं नाही.

सुतळी ताणली तेव्हा बाणासारखी सरळ आली. त्या काळी बाईमाणसानं डोळ्याच्या अंदाजानं लावलेली रेघ, इतक्या वर्षांत बोटभरही इकडंतिकडं नाही. सुतळीपासून माझ्या बाजूला मेंदी हातभर होती, त्याच्या बाजूला दोन हातांच्या वर. त्यानं ते उभं राहून बघितलं. बोलला काही नाही. दोन्ही टोकांना, रस्त्याकडं आणि बोरीपाशी, मोकळ्या जमिनीवर सुतळीच्या सुरात चुन्याच्या फुल्या मारल्या. मोजणीवाल्या पोराला त्याच दाखवल्या, या दोहोंमध्ये सरळ रेघ. तो म्हणाला, "भांडण नाही ना? मग सोपं आहे."

कागद आला. त्यात आमच्या मधे एक बारीक काळी रेघ आहे.

बोलणं सुरू झालं म्हणजे फार काही गोडवा आला असं नाही. म्हैस व्याली, वीज गेली, औषध कुठं मिळतं, एवढंच. पण त्या मृगात त्यानं त्याच्या बाजूचा फुगवटा सपाट कापून काढला आणि माथा माझ्या पातळीला आणला. पायरी गेली.

आता पोरांना भिंत हवी आहे. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. मेंदी तीन-चार फूट जागा खाते, सिमेंटच्या ब्लॉकची भिंत अर्धा फूट. कापायला नको, साप निघायची भीती नको, आणि खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा. गाडी आत घ्यायला म्हणून रस्त्याकडची दहा फूट मेंदी आम्ही काढू दिली. पहार घेऊन दोन गडी अर्धा दिवस राबले तेव्हा मुळं सुटली. उरलेल्या पन्नास फुटांचं पोरं दर दिवाळीला विचारतात. आम्ही दोघं पुढच्या दिवाळीचं सांगतो. काढलेल्या फांद्यांचे छाट मी मळ्यातल्या वस्तीवर लावलेत, ऐंशीतले साठ जगले.

गेल्या साली धाकट्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं झालं, त्याला कात्री चालवायची मना आहे. पोरांना वेळ नाही. म्हणून दसऱ्यानंतर मीच फाटकातून पलीकडं जातो आणि त्याचीही बाजू कापतो. तो अंगणात बाजेवर बसून असतो. त्याला अजून नीट दिसत नाही, पण मी अर्ध्यावर आलो की तिथूनच सांगतो, "दादा, बोरीकडं फुगलीया बघ."

आणि खरंच फुगलेली असते.